बोरीबंदरच्या घुमटाखाली

बाहेरगावाहून मुंबईला आलेली आपली माणसं काय काय पाहून जातात! राणीचा बाग, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, गेटवेपाशी कबुतरांबरोबर फोटो, आणि वेळ उरलाच तर मंगळदास मार्केटात दोन फेऱ्या. पण बोरीबंदरला उतरून बाहेर पडलं की स्टेशनाच्या शेजारीच काळ्या दगडाचा जो भला थोरला घुमट उभा आहे, त्याच्याकडे मान वर करून पाहायची कुणाला आठवण होत नाही. पोरं विचारतात, "आई, हा कुणाचा राजवाडा?" आणि आपण पिशव्या मोजता मोजता म्हणतो, "राजवाडा कसला, पोस्ट आहे ते. चल लवकर."

पोस्टच आहे ते, पण पोस्ट म्हणजे आपल्या गल्लीतलं दोन खिडक्यांचं नव्हे! जॉन बेग नावाच्या साहेबानं याचा आराखडा केला. १९०४ साली काम सुरू झालं आणि १९१३ साली पुरं झालं. विजापूरचा गोल घुमट डोळ्यांपुढे ठेवून हा घुमट बांधला असं सांगतात आणि पाहिल्यावर ते पटतंही. काळ्या दगडाला कुर्ल्याच्या पिवळसर आणि ध्रांगध्र्याच्या पांढऱ्या दगडाची जोड दिली आहे. काळ्या चंद्रकळेला नाजूक काठ असावा तशी. ज्यांनी विजापूर पाहिलं आहे त्यांना ठाऊक असेल, तिथे एका कडेला कुजबुजलं की पार पलीकडच्या कडेला ऐकू येतं. इथे मात्र तसं काही नाही, बरं का! माणसांचा, शिक्क्यांचा आणि पंख्यांचा आवाज असा काही घुमत असतो की खिडकीला तोंड लावलं तरी आतला माणूस विचारतो, "काय म्हणालात?"

मी या घुमटाखाली येते ती नवरात्राच्या सुमाराला. परदेशी जायचं फराळाचं पार्सल निदान महिनाभर आधी निघालं पाहिजे, हा माझा हिशेब. त्या दिवसांत इथला थाट बघण्यासारखा असतो. रांगेत निम्म्याहून अधिक आपल्याच बायका. कुणाच्या हातात खोका, कुणाच्या हातात कापडी गाठोडं, आणि सगळीभर भाजणीचा आणि वेलदोड्याचा वास. कुणीही कुणाला विचारतं, "तुमचं कुठे चाललंय?" आणि पाच मिनिटांत टोरांटो, मेलबर्न, शारजा, म्यूनिक असा जगाचा नकाशा रांगेत उभा राहतो.

इमारतीच्या बाहेरच्या अंगाला पूर्वी पत्रं लिहून देणारे बसत. गिरणीतल्या माणसाचं गावी जाणारं पत्र, मनीऑर्डरीचा फॉर्म, सगळं ते लिहून देत. फोन हातोहात आले आणि त्यांचा धंदा बसला. पार्सल बांधून, कापडात शिवून देणारे मात्र अजून दिसतात. त्यांचा हात बघत राहावा. दाभणात दोरा ओवून कापडाच्या चारी कडा अशा सफाईनं आवळतात की आपल्या गोधडीच्या टाक्यांनी लाजावं. एकदा मी त्यांतल्या एकाला म्हटलं, "भाऊ, घट्ट शिवा हं, फार लांब जायचंय." तो मान वर न करता म्हणाला, "ताई, टाका माझा, पत्ता तुमचा. समुद्रात पडलं तरी उघडणार नाही, पण पत्ता चुकला तर पोचणारही नाही."

हे त्याचं म्हणणं किती खरं, ते त्याच दिवशी रांगेत कळलं.

माझ्यापुढे चिपळूणकडच्या एक बाई होत्या. हातात एक खोका, आणि शेजारी पायाशी दुसरा, जुना, कोपरे चेपलेला. मुलगी जर्मनीत नोकरीला, तिथेच बाळंत झाली. बाईंचे गुडघे धरलेले, प्रवास जमेना, म्हणून त्यांनी सगळं माहेरपण एका खोक्यात भरलं होतं: जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, हातानं शिवलेली कुंची, झबली, आळीव, डिंकाचे लाडू. गेलं ते गेलं, आणि अडीच महिन्यांनी तोच खोका जसाच्या तसा दारात परत! लाडवांना वास आलेला. कुंची हातात घेऊन बाई म्हणाल्या, "आता ही त्याच्या डोक्यात कशी जायची? तो चार महिन्यांचा झाला."

खिडकीतल्या बाई वयानं जाणत्या होत्या. त्यांनी जुना खोका मागून घेतला, वरची चिठ्ठी पाहिली. त्या चिठ्ठीवर पार्सल परत येण्याची कारणं छापलेली असतात आणि लागू पडेल त्यावर खूण करतात. भाषा फ्रेंच, कारण जगभरच्या टपालाचा आपसातला कारभार पहिल्यापासून फ्रेंचमध्ये चालत आला आहे. खूण होती 'इन्कोनू'वर. म्हणजे या नावाचा माणूस या पत्त्यावर माहीत नाही.

"पत्ता तर बरोबर आहे हो! रस्ता, नंबर, सगळं तिनंच कळवलंय," चिपळूणच्या बाई म्हणाल्या.

"मावशी, नाव कुठलं लिहिलंत?"

तर काय, नाव लिहिलं होतं सासरचं! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं जे नाव लिहिलं ते, त्यामागे 'सौ.' आणि पुढे जावयांचं आडनाव. आईच्या हाताला तेच शोभून दिसणार. पण मुलीचा पासपोर्ट लग्नाआधीचा, नोकरी माहेरच्या नावावर, घराचा भाडेकरार त्याच नावावर. जावई दुसऱ्या गावी कामाला. आणि जर्मनीतल्या बहुतेक इमारतींत आपल्यासारखे 'ब्लॉक नंबर सात, दुसरा मजला' असे आकडे पत्त्यात नसतातच. खाली दारापाशी बेलची बटणं आणि टपालाच्या पेट्या, त्यांवर आडनावं. टपालवाला ते आडनाव शोधतो. सापडलं तर पार्सल वर, नाही सापडलं तर माघारी. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की आपल्याकडे एकाच बाईला दोन नावं आणि दोन आडनावं असू शकतात!

म्हणून भगिनींनो, मुलगी, सून, बहीण कुणीही परदेशी असो, पहिलं विचारायचं ते हे: तुझ्या दारावर नाव काय आहे? तेच नाव, तसंच स्पेलिंग. लाडकं नाव, सासरचं नाव, 'चि. सौ. कां.' हे सगळं आत चिठ्ठीत लिहावं, हवं तितकं. दुसऱ्याच्या घरात राहत असेल तर तिच्या नावाखाली 'केअर ऑफ' करून घरमालकाचं, म्हणजे पेटीवरचं आडनाव घालायचं. शिवाय कस्टमनं पार्सल अडवलं आणि सोडवायला जावं लागलं, तर हातातल्या ओळखपत्रावरचं नाव आणि खोक्यावरचं नाव जुळलेलं बरं.

खिडकीतल्या बाईंनी मग आणखी एक गोष्ट समजावून दिली, ती मला फार आवडली. आपण पत्ता वरून खाली लिहितो, पण टपाल तो खालून वर वाचतं. मुंबईत पार्सल निवडणाऱ्याला रस्त्याशी काही देणंघेणं नाही. तो बघतो शेवटची ओळ, देशाचं नाव. त्या देशात पोचलं की तिथलं यंत्र त्याच्या वरची ओळ वाचतं, गाव आणि पिनसारखा आकडा. गावात पोचलं की रस्ता आणि घर. आणि अगदी शेवटी, दाराशी, नाव. म्हणून देशाचं नाव सगळ्यांत खाली, एकटं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पूर्ण लिहायचं आणि त्याच्याखाली काहीही लिहायचं नाही. फोन नंबर नाही, 'नाजूक आहे, सांभाळा' नाही, आणि 'श्री गजानन प्रसन्न' तर नाहीच नाही. देव वरच्या कोपऱ्यात किंवा आतल्या चिठ्ठीवर!

'पूर्ण' म्हणते त्यालाही कारण आहे. अमेरिकेतल्या राज्यांची नावं दोन दोन अक्षरांत लिहितात. 'सी ए' म्हणजे कॅलिफोर्निया, पण देशांच्या सांकेतिक नावांत तीच अक्षरं कॅनडाची. 'डी ई' म्हणजे डेलावेअर आणि जर्मनीसुद्धा. गंमत म्हणजे 'आय एन' हे इंडियाना राज्याचंही आणि आपल्या भारताचंही! जॉर्जिया नावाचं अमेरिकेत राज्य आहे आणि काळ्या समुद्राकाठी एक अख्खा देश आहे. लंडन इंग्लंडात आहे तसं कॅनडातही आहे. आपल्याला मनातून माहीत असतं आपली पोर कुठल्या लंडनला आहे ते, खोक्याला माहीत नसतं.

आकड्यांचंही तसंच. घरचा हिशेब मराठी आकड्यांत मांडायची आपल्यापैकी पुष्कळजणींची सवय, माझीही. पण मराठी एक परक्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि चार आठसारखा. पत्त्यात इंग्रजी आकडेच, आणि तेही सुटे, शाळेत पाटीवर काढत होतो तसे. युरोपात सातच्या पोटात आडवी रेघ मारतात, कारण त्यांचा एक नाकवाला असतो आणि सातासारखा दिसतो. मुलीनं पत्ता हातानं लिहून त्याचा फोटो पाठवला असेल तर एक की सात, हे तिला विचारून घ्यावं.

देशोदेशीच्या पत्त्यांच्या तऱ्हा ऐकल्या की मोठी मौज वाटते. अमेरिकेत घराचा आकडा रस्त्याच्या आधी, जर्मनीत रस्त्यानंतर. अमेरिकेत झिप गावाच्या आणि राज्याच्या मागे, तर जर्मनीत पाच आकडी पिन गावाच्या आधी. (पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर दोन्हींकडचे जुने चार आकडी नंबर एकमेकांत गुंतायला लागले, म्हणून १९९३ साली सगळा देशच पाच आकड्यांवर आला.) इंग्लंडात पोस्टकोड इतका बारीक, की सरासरी पंधराएक घरांना एक. सिंगापुरात तर १९९५ पासून प्रत्येक इमारतीला स्वतःचा सहा आकडी नंबर आहे. तिथे पाठवताना मजला आणि घराचा आकडा तेवढा चुकवू नये. कॅनडाच्या कोडात एक अक्षर, एक आकडा अशी वेणी घातलेली असते. त्यांनी शहाणपणा असा केला, की डी, एफ, आय, ओ, क्यू आणि यू ही घोटाळ्याची अक्षरं वापरायचीच नाहीत असं ठरवलं. तेव्हा कॅनडाच्या कोडात तुम्हाला 'ओ' दिसला, तर तो शून्य आहे हे डोळे मिटून समजा.

जपानची तऱ्हा सगळ्यांहून वेगळी. तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत! शहराचा भाग, त्यातला पेटा, त्यातला चौकोन, त्यातलं घर असे आकडे असतात. जपानी माणूस स्वतः लिहितो तेव्हा मोठ्यापासून लहानाकडे येतो, आधी प्रांत, मग शहर, शेवटी माणूस. इंग्रजीत लिहिताना तेच उलटं करतात. आपण त्यात हुशारी करायला जाऊ नये. मुलानं जसा कळवला तसा, आकड्यांमधल्या छोट्या आडव्या रेघांसकट, उतरवावा.

आणि दुबई-शारजा? रत्नागिरी, रायगडकडच्या किती घरांतली माणसं तिथे आहेत! तिथे घरोघर पत्र टाकणारा पोस्टमन ही पद्धतच नव्हती, टपाल जातं ते पोस्टाच्या पेटीत. पेटीचा नंबर बहुधा कंपनीचा असतो, म्हणून माणसाच्या नावाखाली कंपनीचं नाव आलंच पाहिजे, नाहीतर शेकडो माणसांच्या त्या पेटीत आपला खोका ओळखणार कोण? इमारतीच्या खाली कुठलं हॉटेल आहे, हे लिहून काही उपयोग नाही. आपली 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर'ची सवय इथेच सोडायची.

पत्ता झाला, आता कस्टमचा कागद. मला विचाराल तर याचा कंटाळा करण्यातच बायकांची अधिक पार्सलं अडत असतील. लहानसहान किमतीच्या पाकिटाला सीएन २२ नावाची छोटी चिठ्ठी लागते, मोठ्याला सीएन २३ हा फॉर्म. त्यात नुसतं 'गिफ्ट' लिहून भागत नाही. आत काय काय, किती नग, किती वजन, काय किंमत, हे वस्तुवार हवं. 'लाडू' हा शब्द आपल्याला गोड, पण परक्या अधिकाऱ्याला त्यातून काय कळणार? 'घरी केलेली गोड मिठाई, डाळीचं पीठ व साखर' असं इंग्रजीत लिहावं. उटणं, रांगोळी, बुक्का, अंगारा या पुड्यांवर तर स्वच्छ नाव हवंच. बिनानावाची भुकटी पाहून कुणालाही शंका यायची! किंमत उगाच कमी लिहू नये आणि शून्य तर मुळीच नाही. फॉर्मवर एक चौकट असते, पार्सल पोचलं नाही तर काय करायचं, परत धाडायचं की सोडून द्यायचं. बहुतेकजणी ती तशीच ठेवतात. खिडकीतल्या बाई सांगत होत्या, तिथे खूण करायचीच, कारण परत येण्याचाही खर्च पडू शकतो. फराळ असेल तर सोडून दिलेला परवडतो, पैठणी असेल तर नाही.

काय पाठवू नये, हेही थोडक्यात सांगते. अत्तराच्या बाटल्या, फुलबाज्या, काडेपेटी हे विमानातून जात नाही. ऑस्ट्रेलिया दूधदुभत्याच्या आणि बियाण्यांच्या बाबतीत फार कडक आहे. युरोपात आणि इंग्लंडातही बाहेरून येणाऱ्या दुधाच्या पदार्थांवर बंधनं आहेत. पेढे, खव्याच्या वड्या, तुपाची बरणी यांचा मोह आवरावा. चकली, कडबोळी, शंकरपाळे बरे. मात्र तिथले नियम मुलीला आधी पाहायला सांगावे. तेलकट पदार्थ प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत हवेत, नाहीतर तेल खोक्यात उतरतं आणि शाईनं लिहिलेला पत्ताच पुसून जातो. आत, सगळ्यांत वर, पत्त्याचा आणखी एक कागद टाकावा. बाहेरचा फाटला तर तो कामाला येतो.

नियम बदलतातही फार झपाट्यानं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं लहान पार्सलांची जकातमाफी काढून घेतली आणि आपल्या टपालखात्याला २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणंच थांबवावं लागलं. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला आणि दिवाळी होती २० ला! त्या वर्षी किती डबे इकडेच उघडले गेले असतील. तेव्हा भाजणी भाजायच्या आधी पोस्टात विचारून यावं हे उत्तम.

हे सगळं मुळात चालतं कसं, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. आपण तिकीट भारताचं लावतो, पैसे इथे भरतो, आणि जर्मनीतला माणूस ते पार्सल का म्हणून जिने चढून नेतो? तर १८७४ साली ९ ऑक्टोबरला स्वित्झर्लंडमधल्या बर्न गावी बावीस देशांनी करार केला, की टपालापुरतं सगळं जग एकच मुलूख मानायचं. तुझं पत्र मी पोचवीन, माझं तू पोचव. भारत त्यात १८७६ साली आला. आपल्या मुंबईत परदेशी टपालाचं मोठं ठाणं म्हणजे बॅलार्ड इस्टेटमधलं विदेश डाक भवन. या घुमटापासून चालत जाण्याजोगं आहे. पार्सल बाहेरून आलं की तिथे कस्टमचे लोक तपासणी करतात. पावतीवर जो तेरा खुणांचा नंबर मिळतो, दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी 'आय एन', तो याच करारातल्या देशांनी मिळून ठरवलेला. त्यातला नववा आकडा आधीच्या आठांवरून हिशेबानं काढलेला असतो, म्हणजे एखादा आकडा चुकला की यंत्राला लगेच कळावं. पावती घरी नेऊन देवघरात न ठेवता त्या नंबराचा फोटो मुलीला पाठवावा. पार्सल तिच्या गावात पोचलं की ती तिथूनच माग काढू शकते.

उलट्या दिशेनं येणाऱ्या टपालाचंही सांगायला हवं. मुलं तिकडून काही धाडतात तेव्हा आपला पत्ता त्यांनी कसा लिहावा? गावाचं नाव, पिन, राज्य आणि शेवटी 'इंडिया'. आपला पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित आणि कवी! एकसारख्या नावाची गावं, निरनिराळ्या भाषांतले पत्ते, यांतून वाट काढायला त्यांनी सहा आकड्यांची ही युक्ती केली. पहिला चार आला की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यातलं टपाल. या घुमटाचा पिन चार लाख एक.

अलीकडे तर त्या आकड्यांचा आणखी एक उपयोग झाला आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. परदेशातल्या भाच्याच्या वहीत अजून जुनंच नाव असतं, ऑनलाइन दुकानाच्या यादीत कधी जुनं तर कधी नवं. पण ४३१००१, ४१३५०१ आणि ४१४००१ जिथल्या तिथे आहेत. मुलांना सांगा, नाव कुठलंही लिहा, पिन मात्र खाडाखोड न करता लिहा.

चिपळूणच्या बाईंनी त्या दिवशी खिडकीपाशीच नवा कागद मागून घेतला. मुलीला फोन लावला, दारावरचं नाव अक्षर अक्षर करून विचारलं आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून काढलं. नव्या खोक्यात एक मोठी कुंची होती, वर्षाच्या पोराच्या मापाची. जुनी त्यांनी पिशवीत घातली, म्हणाल्या, "धाकटीच्या उपयोगी पडेल."